क्षयाच्या गाठी आणि प्रतिकाराची मात्रा

क्षयरोगाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे आणि त्या माणसाला क्षयरोग होणे या दोन निराळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही महिने जाऊ शकतात, काही दशकेही जाऊ शकतात, आणि बहुसंख्य माणसांच्या बाबतीत दुसरी घटना कधी घडतच नाही. २०१९ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये क्षयजंतूच्या संसर्गाची खूण आढळली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय मात्र याच वयोगटात दर लाखामागे तीनशेहून थोड्याच अधिक लोकांना होता. म्हणजे संसर्गाची खूण अंगावर बाळगणारे शंभर असतील, तर त्या घडीला प्रत्यक्ष आजारी असलेला साधारण एक. हेच प्रमाण कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या एका गच्च भरलेल्या डब्याला लावले, तर शहाड ते खडवली एवढ्या अंतरात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शंभर प्रौढांपैकी तीसेक जणांच्या शरीराची या जंतूशी कधी ना कधी गाठ पडलेली असते आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या शरीराने त्याला आवरलेले असते. हे आवरणे कोणत्या पेशी करतात, कशा करतात आणि त्यांचा हात कधी व का सुटतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाकडे पाहताना एक समज आरंभीच बाजूला ठेवणे आवश्यक आहे. रोगप्रतिकारशक्ती ही पैशासारखी साठवायची वस्तू असून ती जितकी जास्त तितके चांगले, असा समज काढे, चूर्णे आणि गोळ्या यांच्या जाहिरातींनी गेल्या काही वर्षांत घरोघर पोहोचवला आहे. क्षयाच्या बाबतीत तो खरा नाही. या रोगात प्रतिकार कमी पडला तर जंतू माजतो हे जितके खरे, तितकेच प्रतिकार अनावर झाला तर फुप्फुस सडते हेही खरे आहे. आणि ज्या माणसाच्या शरीरात जंतू वर्षानुवर्षे आवरलेला राहतो, त्याच्या पेशी अधिक जोमाने लढत असतात असे नसून त्या योग्य जागी, योग्य मात्रेत लढत असतात, असे गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

क्षयाचा रुग्ण खोकतो, बोलतो किंवा गातो तेव्हा बाहेर पडणाऱ्या तुषारांतील मोठे थेंब खाली बसतात, पण एक ते पाच मायक्रॉन व्यासाचे सूक्ष्म थेंब सुकून हवेत तरंगत राहतात. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट द्रव यांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, एवढेच कण पोहोचू शकतात. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत असे कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांत वायुकोशीय मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गस्त घालत असतात. जंतू गिळणे आणि पचवणे हे कोणत्याही मॅक्रोफेजचे मूळ काम असले, तरी वायुकोशातील मॅक्रोफेजचा स्वभाव शांत असतो, कारण दिवसभर धूळ, धूर आणि परागकण गिळणाऱ्या या पेशींनी प्रत्येक कणासाठी दाह उत्पन्न केला असता, तर माणसाला श्वास घेणेच अशक्य झाले असते. क्षयजंतूला नेमका या शांतपणाचा फायदा मिळतो. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की फुप्फुसातील सर्व मॅक्रोफेज सारखे नसतात. स्निग्धाम्ले जाळून ऊर्जा मिळवणाऱ्या वायुकोशीय मॅक्रोफेजमध्ये जंतू सुखाने वाढतो, तर वायुकोशांच्या भिंतींमधील ऊतींत असलेले आणि साखर जाळणारे मॅक्रोफेज त्याची वाढ रोखतात. त्यामुळे जंतू आत शिरल्यावर त्याला सर्वप्रथम भेटणारा पहारेकरी हाच त्याचा पहिला आश्रयदाता ठरतो.

गिळला गेलेला जंतू मरत का नाही, याचे उत्तर त्याच्या कवचात आणि त्याच्या लबाडीत आहे. मॅक्रोफेजने गिळलेली वस्तू प्रथम एका पटलवेष्टित पिशवीत बंदिस्त होते आणि नंतर त्या पिशवीशी पाचक द्रव्यांनी भरलेली दुसरी पिशवी, म्हणजे लायसोसोम, जोडली जाते. क्षयजंतू हे जोडणेच अडवतो, असे १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. शिवाय त्याच्या भोवती मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, आणि स्वतःची काही प्रथिने बाहेर टाकून तो पिशवीच्या पटलाला भोके पाडू शकतो. घाई मात्र त्याच्या स्वभावात नाही. आतड्यातील इ. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. या संथपणामुळे सुरुवातीचे बरेच दिवस शरीरात धोक्याची घंटाच वाजत नाही.

ती वाजवण्याचे काम डेंड्रायटिक पेशींकडे आहे. शाखायुक्त आकाराच्या या पेशी जंतूचे तुकडे घेऊन फुप्फुसातून निघतात, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतील लसिकाग्रंथींपर्यंत जातात आणि तेथे टी-पेशींना ते तुकडे दाखवतात. टी-पेशी म्हणजे छातीतील थायमस ग्रंथीत घडलेल्या पांढऱ्या पेशी. त्यांतील प्रत्येक पेशी एखादाच विशिष्ट तुकडा ओळखू शकते आणि तो तुकडा ओळखणारी पेशी सापडली की तिच्या हजारो प्रती तयार होतात. इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूच्या बाबतीत हे सारे होऊन टी-पेशी आठवड्याच्या आत फुप्फुसात हजर होतात. क्षयाच्या बाबतीत उंदरांमध्ये जंतू लसिकाग्रंथीत पोहोचण्यासच आठ-नऊ दिवस लागतात आणि टी-पेशी फुप्फुसात येईपर्यंत दोन ते तीन आठवडे उलटलेले असतात. माणसात संसर्गानंतर त्वचेची ट्युबरक्युलिन चाचणी सकारात्मक होण्यास साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. एवढ्या अवधीत जंतूने आपले बस्तान बसवलेले असते. मदत पोहोचते, पण उशिरा पोहोचते, आणि क्षयाच्या पुढच्या सगळ्या कथेवर या उशिराची छाया पडलेली असते.

टी-पेशी आल्यावर फुप्फुसात जी रचना आकाराला येते तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मराठीत तिला क्षयगाठ म्हणता येईल. तिच्या मध्यभागी जंतू गिळलेले मॅक्रोफेज असतात, त्यांतील काही एकमेकांना चिकटून फरशीसारखा थर तयार करतात, काही एकत्र मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी बनतात (या पेशींना एकोणिसाव्या शतकातील जर्मन विकृतिशास्त्रज्ञ थिओडोर लांगहान्स यांचे नाव आहे), तर काही चरबीचे थेंब साठून फेसाळ दिसू लागतात. या गाभ्याभोवती टी-पेशी आणि प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी-पेशी यांचे कडे असते आणि जुन्या गाठीत त्याहीबाहेर तंतुमय ऊतींचे वेष्टन तयार होते. गाठीचा मध्य मृत होऊन पनीरासारखा भुसभुशीत होतो, तेव्हा तेथे प्राणवायू जवळजवळ राहत नाही आणि जंतू आपले चयापचय मंदावून निपचित पडतो. गाठीत कॅल्शियम साचले की ती छातीच्या एक्स-रेमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते, आणि अनेकांना तो ठिपका नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळतो.

ही गाठ म्हणजे शरीराने जंतूभोवती बांधलेला तुरुंग, असे वर्णन पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ केले गेले आणि ते अर्धेच खरे आहे. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे अमेरिकेत आणि केंब्रिजमध्ये संशोधन केलेल्या ललिता रामकृष्णन यांनी झीब्राफिश या लहान माशांच्या पारदर्शक अळ्यांमध्ये क्षयजंतूचा नातलग असलेला एक जीवाणू सोडून गाठ कशी बनते हे जिवंत प्राण्यात पाहिले. आरंभीच्या काळात गाठीत ओढले जाणारे नवे मॅक्रोफेज मेलेल्या मॅक्रोफेजमधील जंतू गिळतात आणि त्यांतील काही पुन्हा बाहेर पडून जंतू नव्या जागी नेतात, म्हणजे गाठ सुरुवातीला जंतूच्या प्रसारालाही हातभार लावते, असे या निरीक्षणांतून पुढे आले.

दुसरी महत्त्वाची भर पिट्सबर्ग विद्यापीठातील जोआन फ्लिन यांच्या गटाने घातली. माणसाप्रमाणेच सुप्त आणि सक्रिय अशा दोन्ही अवस्था दाखवणाऱ्या सायनोमोल्गस माकडांवर त्यांनी काम केले. एकाच माकडाच्या फुप्फुसातील बहुतेक गाठी प्रत्येकी एकाच जंतूपासून सुरू होतात, आणि तरीही त्यांचे पुढचे भवितव्य परस्परांहून भिन्न असते, असे या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. एक गाठ पूर्ण निर्जंतुक होते, तर तिच्याशेजारची गाठ पसरत जाते. आजारी माकडाच्या फुप्फुसातही काही गाठी निर्जंतुक सापडतात आणि निरोगी दिसणाऱ्या माकडातही काही गाठींत जिवंत जंतू सापडतात. भातसा नदीच्या काठच्या भातखाचरांत प्रत्येक खाचराला आपापला बांध असतो, खेकड्याने एक बांध पोखरला तरी शेजारच्या खाचराचे पाणी जागेवर राहते आणि शेतकऱ्याला शेताची स्थिती सांगायची झाली तर एकेका बांधाविषयी सांगावे लागते. फुप्फुसाचेही तसेच आहे. माणसाची प्रतिकारशक्ती चांगली की वाईट, हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. लढाईचा निकाल एकेका गाठीत लागतो, आणि आजारी पडण्यासाठी एकच गाठ फुटणे पुरेसे असते.

गाठीच्या आत काय असले म्हणजे ती टिकते, या प्रश्नाभोवती सध्याचे बहुतेक संशोधन फिरते. या पहाऱ्यातील सर्वांत महत्त्वाच्या पेशी म्हणजे सीडी४ टी-पेशी. त्या स्वतः जंतू मारत नाहीत, तर इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ यांसारखी संदेशवाहक प्रथिने सोडून मॅक्रोफेजना सक्रिय करतात आणि मग मॅक्रोफेज आपली अडलेली पाचक यंत्रणा पुन्हा चालू करून आतला जंतू मारू लागतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशी संपवतो. म्हणून एचआयव्ही नसलेल्या संसर्गित माणसाला उभ्या आयुष्यात क्षय होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के असताना, उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधिताला तेवढाच धोका दर वर्षी असतो. सीडी८ टी-पेशी, नैसर्गिक मारक पेशी, जंतूच्या मेदांना ओळखणाऱ्या काही अपारंपरिक टी-पेशी आणि बी-पेशींनी बनवलेली प्रतिद्रव्येही या कामात भाग घेतात, पण त्यांच्याशिवाय निभावते आणि सीडी४ पेशींशिवाय निभावत नाही.

इंटरफेरॉन-गॅमाचे महत्त्व माणसात सिद्ध झाले ते दुर्दैवी मुलांच्या निरीक्षणातून. १९९६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांच्या पेशींवर या प्रथिनाचा ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणारा रेणू, जन्मतःच सदोष होता आणि ज्यांना इतरांसाठी निरुपद्रवी असलेले जीवाणूही प्राणघातक ठरत होते. टीएनएफचे महत्त्व औषधोपचारातून कळले. आमवात आणि आतड्याच्या क्रोन्स आजारात टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आले, आणि २००१ मध्ये अमेरिकेतील अहवालात हे औषध घेणाऱ्यांतील क्षयाच्या ७० घटना नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना औषध सुरू केल्यापासून सुमारे बारा आठवड्यांच्या आतच क्षयाने गाठले होते, आणि अनेकांमध्ये तो फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. कित्येक वर्षे निपचित असलेल्या गाठी टीएनएफ अडवताच सैल पडल्या, हे इतक्या स्पष्टपणे प्रयोगशाळेतही दाखवता आले नसते. तेव्हापासून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी रुग्णाची सुप्त क्षयासाठी तपासणी करणे हा वैद्यकातील सर्वमान्य नियम झाला आहे.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ यांची पातळी वाढवली की काम झाले, आणि या टप्प्यावरच विषयाला वेगळे वळण लागते. झीब्राफिशमध्ये टीएनएफ कमी पडला तर मॅक्रोफेज फुटून जंतू मोकळे होतात, आणि तो जास्त झाला तरीही मॅक्रोफेज फुटून जंतू मोकळेच होतात. उंदरांमध्ये फुप्फुसातील सीडी४ पेशींच्या संरक्षणाचा केवळ एक-तृतीयांशाच्या आसपास भाग इंटरफेरॉन-गॅमामुळे असतो असे आढळले असून, टी-पेशींकडून ते अवाजवी प्रमाणात सुटू लागले तर प्राणी अधिक लवकर मरतात. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो, जो खेचला की त्यांची आक्रमकता कमी होते. हा लगाम जन्मतः नसलेल्या उंदरांना क्षयजंतू दिला असता, त्यांच्या टी-पेशी अधिक जोमदार असूनही ते सामान्य उंदरांहून कितीतरी आधी मेले. कर्करोगाच्या उपचारात पीडी-१ अडवून टी-पेशींना मुद्दाम मोकळे सोडले जाते, आणि अशा काही रुग्णांमध्ये दबलेला क्षय उफाळून आल्याची नोंद आहे. माकडांतील निर्जंतुक झालेल्या गाठींची तपासणी करता, तेथे दाह वाढवणारी आणि दाह शमवणारी अशी दोन्ही प्रकारची प्रथिने शेजारी शेजारी सापडली. शिवाय गाठीतील टी-पेशींपैकी अशी प्रथिने प्रत्यक्ष सोडणाऱ्या पेशी दहांत एकही नसतात, एवढ्या मोजक्या पेशींवर हा पहारा चालतो.

अति प्रतिकाराचा हा धडा इतिहासाने शतकापूर्वीच दिला होता. ज्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला, त्यांनीच १८९० मध्ये जंतूच्या अर्कापासून बनवलेले ट्युबरक्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून पुढे आणले. युरोपभरातून रुग्ण बर्लिनकडे धावले. इंजेक्शननंतर त्यांच्या जुन्या गाठींभोवती तीव्र दाह उसळला, काही रुग्ण दगावले आणि औषध म्हणून ट्युबरक्युलिनचे नाव बुडाले. संसर्ग ओळखण्याची चाचणी म्हणून मात्र ते टिकले.

या साऱ्यामागे जंतूचाही एक हिशेब असावा, असे मानण्यास आधार आहे. टी-पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी बहुतेक जंतू आपली ओळख पटवणारी प्रथिने सतत बदलत असतात. जगाच्या निरनिराळ्या भागांतून गोळा केलेल्या क्षयजंतूच्या २१ वाणांची जनुके २०१० मध्ये तपासली असता, टी-पेशी जे तुकडे ओळखतात नेमके तेच तुकडे सर्वांत कमी बदललेले आढळले. याचा अर्थ, आपण ओळखले जावे यात क्षयजंतूचेच हित असावे. कारण एका माणसातून दुसऱ्याकडे जाण्यासाठी त्याला फुप्फुसात पोकळी पडणे आणि रुग्णाने खोकणे आवश्यक असते, आणि ती पोकळी जंतू पाडत नाही, तर प्रतिकाराने आणलेल्या पेशींची कोलॅजन विरघळवणारी विकरे पाडतात. ज्यांच्या सीडी४ पेशी फार घटलेल्या असतात अशा एचआयव्हीबाधितांच्या फुप्फुसांत पोकळ्या कमी दिसतात, आणि त्यांच्या बेडक्यातून जंतूही सहसा कमी प्रमाणात बाहेर पडतात. शरीराने जंतूला आवरणे आणि जंतूने शरीराचा वापर करणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

हा व्यवहार किती काळ चालू शकतो, हा प्रश्न कल्याण परिसराच्या इतिहासाशी थेट भिडतो. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, जी विवाहानंतर आनंदीबाई झाली, ती एप्रिल १८८३ मध्ये, म्हणजे कॉख यांच्या घोषणेनंतर जेमतेम वर्षभराने, कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तिने एम.डी. ही पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम तिची वाट पाहत होते. आनंदीबाईंच्या चरित्रावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले असून फिलाडेल्फियातील थंडी, परदेशातील आहाराची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांना तिच्या मृत्यूचे कारण मानण्याकडे बहुतेक लेखकांचा कल आहे. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या कारणांची जागा थोडी बदलते. थंडीने क्षय होत नाही, पण दीर्घकाळ अपुरे अन्न मिळाले तर फुप्फुसातील एखादी गाठ फुटू शकते. आणि तो जंतू तिच्या श्वासात फिलाडेल्फियात गेला की लहानपणी कल्याणच्या एखाद्या काळोख्या माजघरात, हे ठरवण्याचे साधन तेव्हाही नव्हते आणि नंतरही उरले नाही. असे साधन पुढे डेन्मार्कमध्ये वापरले गेले. तेथे एका पित्याला १९६१ मध्ये झालेल्या क्षयाचा जतन केलेला जंतू आणि त्याच्या मुलाला १९९४ मध्ये झालेल्या क्षयाचा जंतू यांचे जनुकीय ठसे जुळले, आणि जंतू तेहतीस वर्षे मुलाच्या शरीरात निपचित राहू शकला हे स्पष्ट झाले.

अशी उदाहरणे लक्षात राहतात, पण ती विरळ आहेत. बेहर, एडेलस्टाइन आणि रामकृष्णन यांनी २०१८ आणि २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी करून असे मांडले की, ज्यांना संसर्गातून क्षय होतो त्यांच्यापैकी बहुतेकांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो, आणि चाचणी सकारात्मक असलेल्या बहुसंख्य लोकांच्या शरीरात जिवंत जंतू उरलेलाच नसतो; उरते ती केवळ टी-पेशींची स्मृती. ज्यांची प्रतिकारशक्ती अवयव-प्रत्यारोपणासाठी दाबली जाते अशा चाचणी-सकारात्मक लोकांतही बहुतेकांना क्षय होत नाही, हा त्यांचा एक आधार. या मताला विरोध करणारेही आहेत, तरी सुप्त क्षय म्हणजे आयुष्यभर अंगात दडलेला जंतू, हे सरसकट विधान आता टिकत नाही. शरीर जंतूला पूर्णपणे संपवूही शकते याचा एक भीषण पुरावा जर्मनीतील ल्युबेक शहराने दिला होता. तेथे १९३० मध्ये बीसीजी लशीत चुकून जिवंत, घातक क्षयजंतू मिसळले गेले आणि ती २५१ अर्भकांना तोंडावाटे दिली गेली. त्यांतील ७२ अर्भके क्षयाने मेली, पण उरलेली, म्हणजे बहुसंख्य अर्भके, कोणतेही क्षयविरोधी औषध अस्तित्वात नसताना वाचली.

वाचणारे आणि न वाचणारे यांच्यातील फरक काही अंशी जनुकांचा आहे, पण भारतात त्याहून मोठा वाटा अन्नाचा आहे. प्रथिने कमी पडली की थायमस आक्रसते, टी-पेशींची संख्या आणि त्यांची इंटरफेरॉन-गॅमा सोडण्याची क्षमता घटते. उंदरांना कमी प्रथिनांचा आहार दिला असता त्यांच्या गाठी सैल आणि अपुऱ्या बनल्या व ते क्षयाने लवकर मेले, आणि पुरेसा आहार पुन्हा दिल्यावर हा दोष भरून निघाला, असे १९९६ मध्येच दाखवले गेले होते. माणसांतील पुरावा अलीकडचा आहे. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबांतील १०,३४५ व्यक्तींवर चाचणी घेतली. काही कुटुंबांत केवळ रुग्णाला, तर काहींत सर्वांनाच दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली गेली. सर्वांना शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोणत्याही आधुनिक लशीने मिरवावा असा आहे, आणि तो डाळ-तांदळाने साधला हे विशेष. दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण आणि शहापूर भागातील वीटभट्ट्यांवर आगाऊ उचल घेऊन राबणारी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परतणारी कातकरी कुटुंबे डोळ्यांसमोर आणली, म्हणजे प्रतिकाराची मात्रा हा केवळ पेशींचा प्रश्न का नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. मधुमेह हे दुसरे कारण आहे. त्यात क्षयाचा धोका साधारण तिप्पट होतो, आणि शहाड ते डोंबिवली पट्ट्यातील बैठ्या मध्यमवर्गाला ते अधिक लागू पडते. दगडखाणीतील सिलिकाची धूळ मॅक्रोफेजनाच मारते, हे तिसरे.

लशीचा प्रश्न यातूनच समजतो. कॅल्मेट आणि ग्वेरिन यांनी १९०८ पासून तेरा वर्षे गाईच्या क्षयजंतूचे २३० वेळा संवर्धन करून बीसीजी तयार केली आणि १९२१ मध्ये ती प्रथम माणसाला दिली गेली. लहान मुलांना मेंदूवेष्टनाच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, पण तामिळनाडूतील चिंगलपुट येथे १९६८ ते १९७१ या काळात अडीच लाखांहून अधिक लोकांवर सुरू झालेल्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिले नाही. त्वचेत दिलेल्या लशीमुळे तयार होणाऱ्या टी-पेशी रक्तात फिरतात, फुप्फुसाच्या ऊतीत फारशा शिरत नाहीत, हे याचे एक कारण मानले जाते. २०२० मध्ये हीच जुनी बीसीजी दहा माकडांना शिरेतून दिली गेली, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत ठाण मांडून राहणाऱ्या टी-पेशी मोठ्या संख्येने तयार झाल्या. नंतर क्षयजंतू देऊनही दहांपैकी नऊ माकडे सुरक्षित राहिली आणि सहांमध्ये संसर्गाचा मागमूसही सापडला नाही. लस तीच, मार्ग बदलला, आणि पहारेकऱ्यांची जागा बदलली. माणसांना शिरेतून जिवंत जंतू टोचणे व्यवहार्य नसल्याने हा प्रयोग सध्या दिशादर्शकच आहे. एम७२ या नव्या लशीने आफ्रिकेतील संसर्गित प्रौढांत तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिले असून तिची मोठी चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. बीसीजीत जनुकीय बदल करून जर्मनीत घडवलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलेली व्हीपीएम१००२ ही लस भारतीय रुग्णांच्या घरातील माणसांवर तपासली गेली आहे. या चाचण्यांना वर्षे लागतात, कारण कोणाचा पहारा पुरेसा आहे हे रक्ताच्या थेंबावरून सांगणारी खात्रीची खूण अद्याप उपलब्ध नाही आणि संशोधकांना हजारो निरोगी माणसांपैकी कोण आजारी पडते याची वाट पाहत बसावे लागते.

तीच उणीव दैनंदिन वैद्यकातही जाणवते. त्वचेची चाचणी असो वा रक्तातील इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी चाचणी, दोन्ही टी-पेशींना जंतूची आठवण आहे एवढेच सांगतात. गाठ निर्जंतुक झाली आहे, टिकून आहे की फुटण्याच्या बेतात आहे, हे सांगत नाहीत. म्हणून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात रुग्णाच्या घरातील माणसांना, सक्रिय क्षय नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक उपचार दिला जातो. आयसोनियाझिडच्या सहा महिन्यांच्या रोजच्या गोळ्या किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांचे आठवड्यातून एकदा घ्यायचे बारा डोस, असे त्याचे दोन प्रचलित प्रकार आहेत. निरोगी दिसणाऱ्या माणसाला तीन ते सहा महिने औषध घ्यायला लावणे आशा सेविकेला सोपे जात नाही, आणि घरातल्या कर्त्या माणसाने आपल्याला काहीच होत नसताना गोळ्या कशासाठी असे विचारले, तर त्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या फुप्फुसातील एखाद्या मिलिमीटरभर गाठीत असते, जी एक्स-रेमध्ये दिसतही नाही. राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना विचारलेली कोणतीही लक्षणे नव्हती आणि ते केवळ छातीच्या एक्स-रेमुळे हाती लागले. सुप्त आणि सक्रिय यांच्यातील जी रेघ पुस्तकात ठळक काढली जाते, ती शरीरात तितकी ठळक नसते, आणि घरोघरच्या तपासणीत खोकल्याच्या चौकशीबरोबर फिरते एक्स-रे यंत्रही नेले जाऊ लागले आहे, ते याच कारणाने.